कूलरमधली अनामत

दुसऱ्याची वस्तू माझ्या घरात आली की ते घर माझं राहत नाही. शेजारणीनं चार दिवसांसाठी तुळशीची कुंडी ठेवायला दिली, तरी ती वाळली तर काय सांगायचं याची वाक्यं मी पहिल्याच दिवशी मनात जुळवून ठेवते. आमचे हे म्हणतात, "तू जन्मालाच भिऊन आली." असेन. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण माझ्याच माहेरच्या कोणीतरी माझ्याकडे बघून केली असावी.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं. दर जूनमध्ये प्रवेशाच्या पावतीवर एक शब्द छापलेला असायचा, अनामत. ग्रंथालयाची अनामत, प्रयोगशाळेची अनामत. मुलं विचारायची, "मॅडम, हे परत भेटते का?" मी म्हणायची, "भेटते, पण घ्यायला कोणी येत नाही." निवडणूक झाली की हरलेल्या उमेदवारांची अनामत जप्त झाल्याची बातमी यायची. या शब्दाशी माझा संबंध एवढाच होता. त्याच्या खोलात शिरायला लावलं ते आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईनं.

ती जयताळ्याहून सायकलनं प्रताप नगरात येते. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये, म्हणजे इमारतीत, तिची दोन घरं आहेत, एक आमचं आणि दुसरं वरच्या मजल्यावरच्या आजींचं. स्वयंपाक करते, गॅलरी धुते, आणि माझ्या हातचं वरण पातळ झालं की तोंडावर सांगते. संक्रांत होऊन गेली होती. पोळ्या झाल्यावर तिनं हात धुतले, दाराशी लटकवलेल्या पिशवीतून चहापत्तीचा एक लहानसा गोल डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. डब्याला दस्ती बांधलेली होती, चौकड्यांची, धुऊन विटलेली, पुरुष खिशात ठेवतात तसली.

"बाई, हे तुमच्यापाशी अमानत राहू द्या."

"काय आहे त्यात?"

"माया माईची एकदाणी."

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकच सर. तिची आई खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत घरोघरी भांडी घासायची, आणि त्यातूनच तिनं एकेक मणी करत ती सर पुरी केली होती. आई गेल्यावर ती हिच्याकडे आली.

"घरी काहून नाही ठेवत?" मी विचारलं.

"घरी आलमारी एकच हाय, अन् चावी सगळ्याइची. दीर खोली बांधून राहिला. त्याले मालूम पडलं का एकदाणी गेली समजा. पोरगी बारावीले हाय, तिले नर्सिंगले टाकायची हाय. अ‍ॅडमिशनच्या टायमाले मोडीन. तवापर्यंत तुमच्यापाशी. फक्त साहेबाईले नका सांगू."

हे सांगायची गरज नव्हती. आमच्या साहेबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरात शिजलेली भाजी सकाळच्या फिरण्यातच साऱ्या बगीच्याला कळते. मी म्हटलं, "थांब, तुझा डबा माझ्याकडे आहे असं कागदावर लिहून देते."

तिला ते आवडलं नाही. "लिवाले हे काय बँक हाय? लिवलं तं मंग अमानत कायची?"

आणि मी, डोळ्यासमोर एवढी जोखीम ठेवलेली असताना, काय बोलले असेन? "अमानत नाही गं, अनामत." मास्तरकी काही जात नाही. ती हसली, म्हणाली, "तेच ते," आणि सायकल काढून गेली.

ती गेल्यावर मी शब्दकोश काढला. बरोबर तीच होती. मूळ शब्द अरबी, अमानत. फारसीतून तो दरबारात आला, दरबारातून मराठीत, आणि मराठी जिभेनं त्यातल्या म आणि न यांची अदलाबदल करून टाकली. आपण नुकसानचं नुसकान करतो तसंच. मी ज्याला चूक म्हणाले ते मूळ होतं आणि माझं शुद्ध होतं ते बिघडलेलं. त्या शब्दाच्या मुळाशी निर्धास्त असण्याचा अर्थ आहे. अमन त्यातलाच, इमान त्यातलंच. म्हणजे जी वस्तू विश्वासानं दुसऱ्याच्या हाती दिली की देणाऱ्याची धास्ती संपते, ती अमानत. घेणाऱ्याच्या धास्तीबद्दल कोशात एक अक्षर नव्हतं.

माझी धास्ती मात्र त्याच दुपारी सुरू झाली. डबा आधी कपाटात साड्यांमागे ठेवला. मग वाटलं, चोर पहिल्यांदा तिथेच बघतात. तांदळाच्या डब्यात ठेवला, तर त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत घरफोडी झाली आणि चोरांनी डाळ-तांदूळ फरशीवर ओतून बघितल्याचं कळलं. देवघरसुद्धा सोडलं नव्हतं. बँकेत आमचा लॉकर आहे, पण तिथं ठेवायचा म्हणजे यांना कळणार. शिवाय उद्या माझं काही बरंवाईट झालं तर मुलीला वाटणार, आईचंच सोनं आहे. कागद करू दिला नव्हता. कोण कोणाला सांगणार होतं, की ही माळ आमच्या स्वयंपाकवालीची आहे?

फेब्रुवारीच्या शेवटी मुलीच्या बाळंतपणासाठी मला पुण्याला जायचं होतं. मी ताईला म्हटलं, तुझा डबा तू घेऊन जा. ती म्हणाली, "मी कुठं नेऊ?" निघायच्या दिवशी ती येऊन गेल्यावर मी डबा हातात घेऊन घरभर फिरत होते. गॅलरीत आले आणि कूलर दिसला.

आमचा कूलर लोखंडी, मोठा, वीस-बावीस उन्हाळे पाहिलेला. दिवाळीपासून जुनी चादर पांघरून गॅलरीत उभा होता. नागपूरच्या माणसाला थंडीत कूलर दिसतच नाही. त्यावर आपण वाळवणाची चाळणी ठेवतो, मागे रद्दी कोंबतो, पण आत डोकावत नाही. होळीपर्यंत तो भिंतीचाच एक भाग असतो. चोरही नागपूरचेच असणार, असा मी हिशेब केला. मागची घासाची, म्हणजे वाळक्या गवताची, जाळी काढली, कोरड्या टाकीत पंपामागे डबा ठेवला, जाळी बसवली, चादर पुन्हा बांधली. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं. दीड महिन्यासाठी जाणाऱ्या बाईनं होळी मधेच येते हे विसरावं, याला काय म्हणावं?

पुण्याहून मी फोनवर यांना म्हणायची, "मी येईपर्यंत कूलर काढू नका बरं." हे हसायचे. "इथं ऊन तापून राहिलं अन् तू म्हणते कूलर काढू नका?" कारण सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "तो जुना आहे, शॉक लागेल." नवऱ्याशी खोटं बोलायचं तर थोडा विचार करून तरी बोलावं.

एप्रिलमध्ये परत आले. हे स्टेशनवर घ्यायला आले होते आणि रस्ताभर खुशीत होते. घरी येताच मला हात धरून गॅलरीत नेलं. तिथं पांढराशुभ्र, नवा, प्लास्टिकचा कूलर उभा होता. "तुले शॉकची भीती होती न? घे, आता शॉकच नाही."

"जुना कुठे आहे?"

"दिला न. एक्स्चेंजमध्ये. मार्चमध्येच."

मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. यांना वाटलं प्रवासाचा शीण आहे. आतून ताईनं विचारलं, "बाई, चहा ठेवू का?" मी तिच्याकडे न बघता म्हटलं, ठेव.

त्या संध्याकाळी ती गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. यांनी उठून नव्या कूलरची पावती शोधून काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटरवरून कूलरवाल्याच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे टिनाचं शेड. समोर जुन्या कूलरांचा ढीग, सुकलेल्या घासाच्या जाळ्या, गंजलेले पत्रे. आमचा कूलर कापून झाला होता. मी त्या माणसाला विचारलं, टाकीत एक छोटा डबा होता का?

तो म्हणाला, "नाही मॅडम. तुमच्या गॅलरीतच मी टाकी उलटी केली, कचरा झाडाले. साहेब होते न तिथं. काहीच नव्हतं त्यात."

यांनी मान हलवली. हो, उलटी केली होती खरी. परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा हे मागे न बघता म्हणाले, "त्या दिवशी चादर ताईनंच काढली होती. तो माणूस यायच्या आधी गॅलरीही तिनंच धुतली."

मी म्हटलं, "भलतंच काय बोलता?" पण जे यांनी सिग्नलला म्हटलं ते मी कारखान्यातच मनात म्हणून बसले होते. एवढंच नाही, माझं मन त्याच्याही पुढे गेलं होतं. डबा तिनं नेला असेल. मग बोलत का नाही? कारण जूनमध्ये ती माझ्याकडे तो मागेल. माझ्याकडे नाही म्हटल्यावर मला भरून द्यावं लागेल. सोनंही तिचं आणि भरपाईही तिचीच. माणूस घाबरला की किती नीच विचार करू शकतो हे मला माझ्यावरून माहीत आहे. ज्या बाईनं आईचं सोनं हाती देऊन माझ्यावर विश्वास टाकला, तिच्याबद्दल मी हा विचार शांतपणे, पायरी पायरीनं करत होते.

तिला सरळ विचारावं, तर डबा कूलरमध्ये टाकला होता हे कबूल करावं लागणार. तिच्याकडे तो नसला तर? ती स्वयंपाकघरात आली की मी बेडरूममध्ये जायची, ती गॅलरीत गेली की स्वयंपाकघरात. तिची मुलगी एकदा फोनवर होती, आणि ती पोळी उलटवता उलटवता म्हणाली, "तू भर वं फॉर्म. पुढचं मी पायतो." ते "पायतो" ऐकून मी ताट तसंच सारून उठले.

चौथ्या दिवशी ती गॅलरी धूत होती. तिची पिशवी दाराशी नेहमीच्या खिळ्याला होती. मी नळाचा आवाज ऐकला, तो चालू आहे याची खात्री केली आणि पिशवीत हात घातला. कंगवा. दुपारच्या भाकरीचा डबा. आणि सगळ्यात आधी हाताला लागलेलं प्लास्टिकचं पाकीट, त्यात मुलीचे पासपोर्ट फोटो, फॉर्मला लावायचे. एका फोटोत मुलगी हसू दाबून बसली होती. मी सगळं परत ठेवलं. नंतर हात साबणानं दोनदा धुतले, का ते सांगता येत नाही. मुलांच्या बॅगा तपासायला मी कॉलेजात कधी कोणाला परवानगी दिली नव्हती.

पिशवीत काही नाही म्हटल्यावर मला पुन्हा वाटलं, डबा गेलाच. कूलरवाल्यानं, नाहीतर आणखी कोणी. आता एकच वाट होती. मी आणि हे इतवारीत सराफाकडे गेलो. तशीच एकदाणी घ्यायची, तसल्याच डब्यात घालायची, जुनी दस्ती कुठूनतरी मिळवायची आणि जूनमध्ये तिच्या हातात ठेवायची. सराफानं मखमलीवर चार सरी मांडल्या. "कशी पाहिजे? मणी केवढे? पोकळ की भरीव? मधे काही पदक?"

मी यांच्याकडे बघितलं. मी तो डबा कधी उघडलाच नव्हता. दुसऱ्याची गाठ सोडायची नाही हे आईनं शिकवलेलं, तेवढं एक मी पाळलं होतं. तिच्या आईच्या गळ्यातले मणी मोठे की लहान, मला माहीत नव्हतं. मला त्या वस्तूची नक्कलही करता येत नव्हती. हे हळूच म्हणाले, "चल घरी. सांगून टाकू." सराफानं मखमल गुंडाळली.

सांगायला तरी मी अजून चार दिवस घेतले. अकराव्या दिवशी ती खाली बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि एका दमात सगळं बोलले. तुझा डबा मी कूलरमध्ये ठेवला होता, साहेबांनी कूलर देऊन टाकला, डबा गेला. जे असेल ते आम्ही भरून देऊ. पण तुझ्या आईची ती सर मला आणून देता येणार नाही.

तिनं हातातली काडी खाली ठेवली. रडेल असं वाटलं. ओरडेल असंही वाटलं.

"डबा गेला नाई, बाई," ती म्हणाली. "मायापाशी हाय."

मग तिनं सांगितलं. कूलरवाला यायच्या दिवशी चादर काढून ती जाळ्या झाडायला गेली, तर पंपामागे आपलाच डबा. "मले काही समजेच ना. म्हटलं, बाईनं इथं काहून ठेवला? फेकाच्या सामानात? मंग साहेबाईले पायलं तं त्याइले काही मालूमच नव्हतं. मी पदरात घेतला अन् घरी नेला, तुम्ही येईस्तोवर पिशवीतच लपवून ठेवला."

"मला फोन का नाही केला?"

"तुम्ही लेकीच्या बाळंतपणात. सांगतलं असतं तं तिथं घाबरल्या असत्या."

मला तिथेच उठून जावंसं वाटलं, पण ती पुढे बोलत होती. "तुम्ही आल्या त्या रोजी डबा पिशवीतच होता. म्हटलं, हातात देतो. पण तुम्ही मायाकडं पायतच नव्हत्या. चहा घेतला तो बी भिंतीकडं पाहून. मी भेली, बाई. वाटलं, बाईले वाटून राहिलं का हिनंच नेला. आता काढला तं चोरलेलाच काढला असं दिसन. घरातून डबा नेणारी कामवाली, तिचं कोण खरं मानते? दुसऱ्याही रोजी आणला. नाई झाली हिंमत. मंग वरच्या आजीपाशी ठेवून दिला."

म्हणजे अकरा दिवस आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात एकमेकींना भिऊन वावरत होतो. तिच्या भीतीला कारण होतं. माझ्या भीतीला मीच कारण होते. मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो धरू दिला, पण ती माझ्याकडे बघत राहिली.

"एक इचारू? तुम्ही चौथ्या रोजी मायी पिशवी पायली न?"

मी तिचा हात सोडला.

"पोरीचे फोटो मी वर ठेवतो, मुडपू नाई म्हणून. ते भाकरीच्या डब्याखाली होते." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होत नव्हतं. "त्या रोजी एकदाणी त्याच पिशवीत असती तं, बाई?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिनं ते मान्यही केलं असतं, निदान तसं दाखवलं असतं. पण एवढं सगळं झाल्यावर आणखी एक खोटं बोलायला माझ्यात जीव नव्हता.

"चोर म्हटलं असतं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मेथी उरली होती ती निवडली, धुतली, चिरली. पोळ्या लाटल्या. जाताना विचारलं, उद्या भाजी कोणती करायची. मी म्हटलं, तुला वाटेल ती.

ती अजून येते. मुलीला प्रवेश मिळाल्याचं तिनं मला वरण फोडणीला टाकता टाकता सांगितलं, आणि मी पेढे आणले तर एक खाल्ला. एकदाणी मोडली की तशीच आहे, हे मी विचारलं नाही. आजींच्या घरून ती खाली उतरते तेव्हा जिन्यात तिच्या चपलांचा आवाज येतो आणि मी आमचं दार आधीच उघडून ठेवते. त्या दिवसापासून तिनं पिशवी आमच्या खिळ्याला लटकवलेली नाही. ती सायकललाच बांधून ठेवते, खाली, जिथून कोणीही नेऊ शकेल.